पाटापलीकडची ओळ

२ एप्रिल

आजपासून लिहायचं ठरवलंय. घरात माणसं दोनच, त्यातली एक मी. दुसरे बाबा, आणि बाबांशी बोलणं म्हणजे भिंतीवर चेंडू मारणं. येतो तो परत आपल्याच कपाळावर.

परिस्थिती अशी आहे. इतकी वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता राजीनामा देऊन बाबांची संत्र्याची बाग सांभाळायला आलेय. बागेला मात्र सांभाळून घ्यायची सवय नाही. दरवर्षी झाडं फुलांनी पांढरी होतात, फळ धरतं, सुपारीएवढं होतं आणि टपाटप गळतं. उरतं ते घरच्या घरी खाऊन संपतं. बाबा म्हणतात, "झाड आहे, गळणारच." दादा म्हणतो, "मग झाडं कशाला हवीत?" त्याला तिथे गोदाम बांधायचंय. भागीदार तयार आहे, नकाशा तयार आहे, फक्त झाडं मध्ये आहेत.

काल तिघांचं बोलणं झालं. बोलणं कसलं, दादाची आणि माझी जुंपलीच. शेवटी ठरलं की हा हंगाम माझा. जून संपताना दादा येऊन बघणार. झाडांवर फळ असलं तर बाग राहील. नसलं तर मशीन आणून झाडं उपटायची आणि मी चकार शब्द काढायचा नाही. मी हो म्हटलं. तावातावात म्हटलं, पण म्हटलं.

बाबांना विचारलं, तुमचं काय मत. ते म्हणाले, "माझं सगळं करून झालंय. तुम्ही दोघं भांडा." आणि खुर्ची उचलून व्हरांड्यात जाऊन बसले.

९ एप्रिल

आज जेवताना बाबांना फळगळ समजावून सांगितली. त्यांनी विचारलं नव्हतं, पण माझ्यातल्या मास्तरणीनं अजून राजीनामा दिलेला नाही.

मी फांदीच घेऊन बसले. देठ जिथे फांदीला चिकटतो तिथे पेशींचा एक पातळ थर असतो. कोवळ्या फळातल्या बिया ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार करतात आणि ते देठातून सारखं खाली झिरपत असतं. ते येतंय तोवर तो थर घट्ट. कडक ऊन, पाण्याची ओढ, फळांची गर्दी, काही झालं आणि ऑक्सिन आटलं, की इथिलीन नावाच्या वायूचं फावतं. थरातल्या पेशी सुट्या होतात आणि फळ खाली.

"म्हणजे फळ झाडाला रोज कळवत असतं, मी आहे, मी आहे. कळवणं थांबलं की झाड सोडून देतं," मी म्हटलं. "आपण तेच ऑक्सिन बाहेरून फवारायचं. दुकानात त्याला संजीवक म्हणतात."

"म्हणजे फळाच्या नावानं तू खोटा निरोप धाडणार."

"खोटा नाही हो, जादा."

"आणि तो कमी पडला तर?"

"पडत नाही. मोजून द्यायचा असतो."

"हं," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "मीठ दे."

शेवटच्या बाकावरचं कार्टंसुद्धा यापेक्षा जास्त ऐकतं.

१९ एप्रिल

फवारणी झाली! शिट्टी सकाळीच शेडमधला आमचा पंप पाठीवर घेऊन हजर. शिट्टी म्हणजे आमचा फवारणीवाला. तोंडात कायम शिट्टी, म्हणून गावभर शिट्टी. हात सरळ आहे, तोंड तिरकं आहे.

औषध मी स्वतः मोजलं. पंपभर पाण्याला छोटा चमचा, थेंब जास्त नाही. आधी घरापासून पाण्याच्या पाटापर्यंतच्या सगळ्या ओळी, मग पाटावरची फळी ओलांडून पलीकडची एक ओळ. ती फळी जेमतेम पाऊलभर रुंद. गुडघा दुखायला लागल्यापासून बाबा पाटापलीकडे गेलेले नाहीत, त्यांच्या लेखी ती ओळ परदेशात.

बाबा व्हरांड्यातून बघत होते. मी चमचा भरला तसे ओरडले, "एवढंसंच? मी चहात साखर यापेक्षा जास्त घालतो."

"म्हणूनच डॉक्टर ओरडतात तुम्हाला," मी म्हटलं. शिट्टी शिट्टी थांबवून हसला. बाबा हसले नाहीत.

बाटली शेडमध्ये वरच्या फळीवर ठेवली. जवळजवळ भरलेलीच आहे, पुढच्या वर्षालाही पुरेल. पुढचं वर्ष असलं तर.

२८ एप्रिल

फळ टिकलंय. वाटाण्याएवढं होतं ते बोराएवढं झालंय आणि झाडांबुडच्या आळ्यांत एकही पडलेलं नाही. मी उगाचच तीनदा फेरी मारून आले. दादाला फोटो पाठवला.

त्याचा फोन आला. फोटोबद्दल अक्षर नाही. "बाबांचा गुडघा कसा आहे?"

"झाडांचं विचार ना."

"सुजलाय का?"

"दिवसभर खुर्चीत बसून सुजणार नाही तर काय?"

"बसून सुजत नाही गं." मग म्हणाला, इकडे एक चांगला डॉक्टर आहे. विषय बदलण्यात दादाचा हात कुणी धरणार नाही.

बाबा हल्ली माझ्याआधी उठतात. विचारलं तर म्हणतात, म्हातारपणी झोप येत नाही. संध्याकाळी पत्ते खेळायला जाणंही बंद केलंय, थकलो म्हणतात. दिवसभर हलायचं नाही आणि वर थकायचं! आणि त्यांचा चष्मा मी घरभर शोधला तो शेडमध्ये सापडला. शेडमध्ये काय वाचत होते देव जाणे.

६ मे

घरासमोरच्या दोन ओळींत गळ सुरू झाली.

सकाळी बघते तर आळ्यांत हिरवी फळं पसरलेली. उचलून पाहिली. किडीचं भोक नाही, पक्ष्याची चोच नाही, बुरशी नाही. देठाच्या सांध्यापाशी अगदी स्वच्छ सुटलेली. झाडानं स्वतःहून सोडलेली. पाणी बरोबर आहे, ऊन म्हणावं तर मागच्या आठवड्यात यापेक्षा जास्त होतं.

बाबांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं नव्हतं त्यांना काही वाटेल. म्हणाले, "मग आणखी मारायला हवं का?"

"मुळीच नाही. एकदाच असतं."

"पण कमी पडलं असेल तर?"

"बाबा, मी यात डॉक्टरेट केलीय."

त्यावर ते चष्मा पुसायला लागले. बरं वाटलं, आणि मग वाईट वाटलं.

१० मे

तिसरी, चौथी, पाचवी ओळ. घराकडून पाटाकडे गळ सरकतेय, जणू रोज कुणी तिला थोडं पुढे नेऊन सोडतंय. रस्त्याची धूळ? जमिनीचा उतार? दोन रात्री पुस्तकं काढून बसले. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, पुस्तकात माझी बाग नाही.

आज दुपारी मात्र पानांकडे लक्ष गेलं. सगळी खाली वाकलीत, अर्धवट मिटलेल्या छत्रीसारखी. हे मी ओळखते. ऑक्सिन जास्त झालं की पानं अशी मुरडतात, आणि झाड बिथरून स्वतःच इथिलीन सोडायला लागतं. म्हणजे धरून ठेवायला दिलेलं औषधच फळ पाडतं. किती वर्षं फळ्यावर लिहीत आले हे! अति तिथे माती.

पण जास्त झालं कसं? चमचा मी मोजलेला. धावत शेडमध्ये गेले. बाटली अर्ध्याच्याही खाली.

शिट्टी. दुसरं कोण? माझी पाठ वळली की पंपात आणखी ओतत असणार, लवकर काम उरकावं म्हणून. नाहीतर बाटलीतलं बाहेर विकलं असेल.

११ मे

शिट्टीला बोलावून झाडझाड झाडलं. आधी त्याला थट्टा वाटली. मग शिट्टी बंद झाली.

"ताई, पंपाला चमचा तुम्ही घातला. मी फक्त दांडा हलवला."

"मग बाटली कुणी प्यायली?"

"मला काय विचारता? मी काय बाटलीचा राखणदार आहे?"

"उद्यापासून येऊ नकोस."

"उद्या कशाला, हा निघालो." पाठीवरचा पंप काढून त्यानं व्हरांड्यात आपटला, बरोबर बाबांच्या पायाशी.

बाबा म्हणाले, "त्याला उगाच का बोलतेस? त्यानं काही केलं नसेल."

"मग कुणी केलं?"

ते उठून आत गेले. ताट वाढलं तरी बाहेर आले नाहीत. परक्या माणसाचा एवढा पुळका, आणि पोटच्या पोरीची बाग बुडते तर शब्द नाही! मला इतका राग आला की दोघांचं जेवण मी एकटीनं जेवले.

१३ मे

बरं वाटत नाही. गळ चालू.

१६ मे

आज तर कहर झाला. टळटळीत उन्हात बाबा नळी घेऊन झाडांवर पाणी मारत होते. मुळाशी नाही, वर, पानांवर, फळांवर, एकेक फांदी धुवावी तसं. सदरा चिंब, पाय थरथरतायत.

"काय चाललंय?"

"धूळ फार बसलीय."

"भरदुपारी? टाकी रिकामी केलीत! संध्याकाळी आळ्यांत काय सोडू मी?"

नळी हातातून ओढून घेतली. त्यांनी दिली. एवढ्या निमूटपणे बाबांनी आजवर मला काही दिलेलं नाही. नंतर पाहिलं तर त्यांच्या हातांवर पुरळ उठलंय. म्हटलं, दाखवा. म्हणाले, घामोळं आहे.

माझ्याच्यानं एका वेळी झाडं आणि बाबा दोन्ही होत नाहीत. कुणीतरी एकानं धड राहावं.

२२ मे

चोरून ऐकायचं नव्हतं, पण ऐकू आलं. बाबा मागच्या अंगणात दादाशी फोनवर होते. "पडलंय रे. बरंच पडलंय. हो. नाही, तिला नको सांगू. तिला काही कळता कामा नये. तू विचारून ठेव."

असं आहे तर! बापलेकांचं आधीच ठरलंय. काय विचारून ठेवणार? मशीनवाल्याला?

म्हणे तुम्ही दोघं भांडा.

३० मे

घर ते पाट, झाडं जवळजवळ रिकामी. हरले. हे आज लिहून टाकते म्हणजे रोज नव्यानं कळायला नको.

दुपारी कुठे तोंड लपवावं कळेना म्हणून फळी ओलांडून पलीकडे गेले. मुद्दाम सांगायला हवं, फवारणीच्या दिवसानंतर मी तिकडे फिरकलेच नव्हते. एक ओळ, तिचं काय एवढं, सगळीकडे तेच चाललं असणार असं धरून चालले होते. विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर त्याला नापास केलं असतं.

ती ओळ लगडलेली आहे.

फळं लिंबाएवढी. पानं ताठ. आळ्यांत दोन-चार पडलेली, ती पडतातच. मी एका झाडाखाली मटकन बसले आणि खुळ्यासारखी वर बघत राहिले. माझं औषध बरोबर होतं. प्रमाण बरोबर होतं, वेळ बरोबर होती, सगळं बरोबर होतं!

मग डोकं चालायला लागलं. तोच दिवस, तीच बाटली, तोच शिट्टी, तेच पाणी. फरक फक्त पाटाचा. अलीकडे असं काय होतं जे पलीकडे जाऊ शकलं नाही? धूळ पाट ओलांडते. ऊन ओलांडतं. शिट्टी तर त्या फळीवरून नाचत जातो.

जो ओलांडू शकत नाही असा आमच्या घरात एकच माणूस आहे.

घरी येऊन दोरीवरचा बाबांचा जुना सदरा पाहिला. दोन्ही खांद्यांवर पंपाच्या पट्ट्याचे डाग, पाठीवर औषधाचा पिवळा ओघळ. पहाटेची जाग. शेडमधला चष्मा. "तिला नको सांगू."

स्वतःच्या बापानं?

३१ मे

चहा ठेवायच्या आधीच विचारलं.

"औषध तुम्ही मारत होतात?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. "हो."

"किती?"

"दोन झाकणं. पंपाला. पंप अर्धाच उचलवायचा, तरी दोन."

"झाकणं! रोज?"

"जमेल तसं. थोडी थोडी झाडं. गळ दिसली तशी त्यांना परत."

"दादानं सांगितलं?"

"काय?"

"गोदामासाठी. मी हरावं म्हणून."

मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुला असं वाटतं?"

"दुसरं काय वाटणार?"

"मग तसं," म्हणाले, आणि उठायला लागले. गुडघा उठू देईना. मी हात पुढे केला तो घेतला नाही.

नाही म्हणाले नाहीत. म्हणजे कबूलच. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

७ जून

घरात आठवडाभर "चहा", "जेवण", "दार लाव" एवढंच मराठी वापरात आहे.

शिट्टीकडे माफी मागायला गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी. तो दारातच उभा, हाताची घडी घालून.

"मला नका सांगू ताई. आत या आणि माझ्या बायकोसमोर म्हणा. ती समजते मी त्या दिवशी पिऊन आलो होतो."

बायकोसमोर म्हटलं. ती म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी नव्हता प्यायला. बाकीच्या दिवसांचं काय?" शिट्टी म्हणाला, ताई, तुम्ही आला नसतात तर बरं झालं असतं. या सगळ्या महिन्यात मी पहिल्यांदा हसले.

बाहेर पडताना त्यानं विचारलं, "मग कुणी केलं?" मी सांगितलं नाही. का नाही सांगितलं? आमच्या घरातली घाण आहे म्हणून, दुसरं काय.

२७ जून

उद्या दादा येणार. मी ठरवलंय. सरळ फळीवरून त्याला पलीकडे नेणार, ती ओळ दाखवणार, आणि मग अलीकडे काय झालं आणि कुणी केलं ते बाबांच्या तोंडावर सांगणार. वाक्यं पाठ केलीत. रडायचं नाही.

२८ जून

सगळं जसं झालं तसं लिहिते, नाहीतर उद्या मी ते माझ्या बाजूनं लिहीन.

बाबा सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून व्हरांड्यात बसले होते. मुलाखतीला जायचं असावं तसे. दादा आला, ओळींमधून फिरला, रिकाम्या फांद्या हातानं वाकवून पाहिल्या.

"काय झालं गं? फोटोत तर फळ होतं."

पाठ केलेली वाक्यं तोंडाशी आली होती. बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "माझं प्रमाण चुकलं."

का म्हटलं माहीत नाही. राग तसाच होता, तसूभर कमी झाला नव्हता. पण ज्या मुलासमोर बाबा आयुष्यभर ताठ मानेनं वावरले, त्याच्यासमोर त्यांना खाली बघायला लावायला माझी जीभ वळेना.

"तुझं? प्रमाण?" दादाला खरंच नवल वाटलं. आनंदही झालेला दिसला नाही. मग त्यानं भागीदाराला लावायला खिशातून फोन काढला.

"फोन ठेव," बाबा म्हणाले. काठी टेकत ते पाटापर्यंत आले. आम्ही मागे. फळीपाशी थांबले. "मला पलीकडे जाता येत नाही. तू जा, ती ओळ बघून ये. ती तिची आहे. अलीकडच्या सगळ्या माझ्या."

दादा जाऊन आला. हातात एक हिरवं संत्रं. "लगडलीय की!"

मग बाबांनी सांगितलं. झाकणं, पंप, पहाट, सगळं. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. दादाला सांगत होते, हेडमास्तरांना सांगावं तसं.

दादा ऐकता ऐकता मध्येच म्हणाला, "थांबा थांबा. म्हणून तुम्ही मला फोनवर विचारत होतात, औषध जास्त पडलं तर पाण्यानं धुऊन उतरतं का, कुणाला तरी विचारून ठेव म्हणून? मला वाटलं तुमच्याच पोटात काही गेलं. गाडी काढून निघणार होतो मी! वर म्हणे, तिला नको सांगू."

मला ती नळी आठवली. मीच हातातून ओढून घेतलेली.

"पण का बाबा?" मी विचारलं. आवाज भलताच चिरका निघाला.

"तू चमचाभर घातलंस. म्हटलं कमी पडलं तर पोरगी तोंडावर पडेल. याच्यासमोर." मग म्हणाले, "मोजून द्यायचं असतं हे तू सांगितलं होतंस. माझ्याच्यानं मोजवेना."

मला रडू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम आलं की माझं नाक लाल होतं, दादाला ते लहानपणापासून माहीत आहे. त्यानं दुसरीकडे बघितलं.

तरीही, ठरलं ते ठरलं. दादानं भागीदाराला शब्द दिलाय, अलीकडची झाडं जाणार. पलीकडची ओळ गोदामाच्या नकाशात येत नाही, ती राहील. मी चकार शब्द काढला नाही. तेही ठरलंच होतं. मनातून मात्र ओरडत होते की प्रयोग यशस्वी झालाय, मूर्खा, बघून आलास ना! यश मिळालं आणि बाग गेली, हे कुणाला सांगायला जावं?

निघताना दादा म्हणाला, "बाबा, आता चला माझ्याकडे राहायला. गुडघ्याच्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेवलीय कधीची. तेवढ्यासाठी तर मी हे सगळं..."

तेवढ्यासाठी काय, ते त्यानं पुरं केलं नाही. बाबा म्हणाले, "डॉक्टरकडे येईन. राहायला नाही. इथे काम आहे मला."

"कसलं काम?"

"ही सांगेल ते."

मी काहीच सांगितलं नव्हतं.

१९ जुलै

मशीन आलं. झाड उपटताना मुळांचा आवाज येतो, तो मला माहीत नव्हता. बाबा आतल्या खोलीत रेडिओ मोठ्यानं लावून बसले. त्यांना सॉरी म्हणायचंय. मशीनच्या आवाजात ऐकू जाणार नाही, असं कारण काढून आजही राहिलं.

२ ऑगस्ट

गुडघ्यात इंजेक्शन दिलं. डॉक्टरनं विचारलं, एवढं ओझं कशाला उचललंत या वयात? बाबा म्हणाले, "मुलीचं होतं." डॉक्टरला वाटलं नातवंडाबद्दल बोलतायत. दादा हसला, मग मीही.

गाडीत मी म्हटलं, "बाबा, मी त्या दिवशी जे बोलले..."

"खिडकी लाव," बाबा म्हणाले. "वारं लागतंय." मी लावली.

३० ऑगस्ट

पलीकडच्या ओळीतलं फळ भरलंय, रंग धरायला लागलंय. आता पिकायच्या आधीची गळ थांबवायला या हंगामातली शेवटची फवारणी. शिट्टी सकाळी आला, शिट्टीसह. मी चमचा मोजला. तो म्हणाला, "ताई, या वेळी बाटलीवर सही करून ठेवा," आणि पंप पाठीवर टाकून फळीवरून पलीकडे.

बाबा व्हरांड्यात उभे. घर ते पाट आता नुसती उघडी माती, तिकडे ते बघत नाहीत. मी बादली उचलून निघाले तसा मागून आवाज आला, "मी येऊ का?"

"या. पण हात खिशात ठेवून."

त्यांनी खरंच खिशात घातले. दोन्ही. तसेच माझ्यामागून रिकाम्या मातीतून चालत आले, शहाण्या मुलासारखे. फळीपाशी येऊन थांबले. खाली पाणी बऱ्यापैकी होतं. त्यांनी फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी बादली खाली ठेवली. म्हटलं, "एक काढा बाहेर."

त्यांनी काढला. तो धरून मी उलट्या पावलांनी फळीवरून मागे मागे सरकत गेले आणि ते पुढे पुढे. मध्ये एकदा फळी हलली. पलीकडे पोचल्यावर शिट्टीनं विचारलं, सुरू करू का? मी म्हटलं, कर. हात सोडायचं दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.